एटीव्हीमधून येणारी ‘टक-टक’ नेमकी कुठली? मोबाईल, जीपीएस आणि थोडं गणित वापरून शोधूया

एटीव्ही म्हणजे जाड फुग्यासारख्या टायरची, हँडलने वळणारी चारचाकी बाईक. कोकणातल्या किनाऱ्यावर, रिसॉर्टच्या मागच्या मातीच्या ट्रॅकवर तुम्ही ती पाहिली असेल, कदाचित चालवलीही असेल. हिला क्लच नाही, पायाने टाकायचे गिअर नाहीत. एक्सलेटर दाबला की पुढे, सोडला की मंद. चालवायला सोपी असल्यामुळे आत काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि मग एक दिवस खालून ‘टक-टक’, ‘घर्रर्र’ किंवा ‘चीं’ असा आवाज सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो, “गिअरबॉक्स खोलावा लागेल.”

खोलावा लागेलही, पण त्याआधी अर्धा तास आणि एक मोबाईल खर्च करून तो आवाज कुठून येऊ शकतो आणि कुठून येऊच शकत नाही, हे बऱ्यापैकी ठरवता येतं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे. इंजिनिअरिंग कॉम्प्युटरमधून केलं, पण कॉलेजची निम्मी वर्षं मेकॅनिकलच्या मित्रांबरोबर वर्कशॉपमध्ये गेली, कारण ते इंदूरजवळच्या पिथमपूरला होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी एटीव्ही बनवत होते आणि त्यांना सेन्सरचा डेटा वाचणारा कुणीतरी हवा होता. तिथे शिकलेली एक गोष्ट आजही उपयोगी पडते. गाडीचा आवाज हा एक सिग्नल आहे. सिग्नलला विचारायचा पहिला प्रश्न “तू किती मोठा आहेस” हा नाही, “तू कुणाच्या तालावर वाजतोस” हा आहे.

आधी आत काय आहे ते पाहू

तुमच्याकडे गिअर नसलेली स्कूटर असेल तर निम्मं तुम्हाला माहीतच आहे. इंजिनच्या शाफ्टवर एक पुली, मागे दुसरी पुली आणि दोघींमध्ये रबरी बेल्ट. प्रत्येक पुली दोन उतरत्या थाळ्यांची बनलेली असते. थाळ्या जवळ आल्या की बेल्ट वर सरकतो, लांब गेल्या की खाली उतरतो. पुढची पुली फुगते तेव्हा मागची आक्रसते आणि गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. यालाच सीव्हीटी म्हणतात. कल्पना जुनी आहे. नेदरलँड्सच्या डॅफ कंपनीने १९५८ साली डॅफ ६०० या छोट्या कारमध्ये रबरी बेल्टचा सीव्हीटी दिला होता, आणि ती कार जितक्या वेगाने पुढे जायची जवळपास तितक्याच वेगाने मागेही जाऊ शकायची!

पुढच्या पुलीत वजनं किंवा रोलर असतात. इंजिनचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि थाळ्या दाबतात. मागच्या पुलीत स्प्रिंग आणि तिरका कॅम असतो, चढावर जोर लागला की तो बेल्ट घट्ट पकडतो. इथपर्यंत स्कूटर आणि एटीव्ही सारख्याच आहेत. फरक पुढे आहे. स्कूटरमध्ये इंजिन चालू असलं की गाडी उभी असतानाही बेल्ट फिरत असतो, कारण क्लच मागच्या पुलीवर बसवलेला असतो. बऱ्याच एटीव्हींमध्ये मात्र आयडलिंगला बेल्ट थांबलेला असतो. इंजिनचा वेग वाढल्यावरच पुढची पुली बेल्टला पकडते. काही कंपन्या यासाठी पुलीच्या आधी वेगळा ऑइलमधला क्लच देतात, पण परिणाम तोच, उभ्या गाडीत बेल्ट शांत. आणि सगळ्याच ऑटोमॅटिक एटीव्ही बेल्टवर चालत नाहीत. होंडाच्या काही मॉडेल्समध्ये कारसारखा ड्युअल क्लच गिअरबॉक्स असतो. त्यामुळे आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, नाहीतर नसलेल्या बेल्टचा आवाज शोधत बसाल.

सीव्हीटीच्या पुढे एक छोटा गिअरबॉक्स येतो, ज्यात हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स आणि पार्क असतं. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि एक पुढे. प्रत्येकाच्या टोकाला क्रॉस जॉइंट असतात. मग मागची गिअरकेस, पुढचा डिफरन्शिअल, तिथून चाकांकडे जाणारे चार हाफ शाफ्ट आणि शेवटी चाकाचे बेअरिंग. काही छोट्या आणि स्पोर्ट मॉडेल्समध्ये मागे शाफ्टऐवजी चेन असते.

म्हणजे खालून आवाज आला तर संशयित पंचवीस-तीस तरी आहेत. ते कमी करायचे आहेत.

तीन ताल

या सगळ्या भागांचे तीन गट पडतात. पहिला इंजिनच्या तालावर फिरतो: इंजिन आणि पुढची पुली. तिसरा चाकांच्या तालावर फिरतो: गिअरबॉक्सच्या शेवटच्या शाफ्टपासून चाकापर्यंत सगळं. मधला गट, म्हणजे बेल्ट, मागची पुली आणि गिअरबॉक्सचे पहिले गिअर, या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि सीव्हीटीचं प्रमाण बदललं की त्याचा तालही बदलतो.

तिसऱ्या गटाची गंमत अशी की गिअरबॉक्सच्या पुढे सगळी प्रमाणं पक्की आहेत. चाक एकदा फिरलं की प्रोपेलर शाफ्ट ठरावीक वेळाच फिरणार, मग तुम्ही हायमध्ये असा की लोमध्ये. यातूनच माझ्या मते सगळ्यात उपयोगाची चाचणी निघते, आणि तिला एकही हत्यार लागत नाही.

मोकळ्या, सपाट मातीच्या जागेत हायमध्ये ताशी १५ किलोमीटरने गाडी चालवा आणि आवाज ऐका. गाडी पूर्ण थांबवा, लोमध्ये टाका आणि पुन्हा बरोबर १५ ने चालवा. इंजिन आता जास्त ओरडेल, ते सोडून द्या. तुमच्या ‘टक-टक’चा ताल तोच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. ताल वाढला, तर दोष त्याच्या आधी आहे. एका चाचणीत यादी निम्मी होते. चालत्या गाडीत मात्र हाय-लो कधीच करू नका, नाहीतर जो दोष शोधताय त्याच्या सोबतीला दुसरा येईल.

दुसरी चाचणी उभ्या गाडीची. आधी आयडलिंगला ऐका. वर सांगितलेल्या प्रकारच्या गाडीत इथे बेल्ट थांबलेला आहे, म्हणजे आत्ता येणारा आवाज इंजिनचा किंवा पुढच्या पुलीचा. सैल खडखड येत असेल आणि थोडं रेस केल्यावर जात असेल, तर पुलीतली वजनं किंवा त्यांचे बुश झिजल्याची शक्यता आहे. वेग वाढला की वजनं दाबली जातात आणि गप्प बसतात. मग न्यूट्रलमध्ये हलकंसं रेस करा. आता बेल्ट, मागची पुली आणि गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरायला लागले, पण चाकं उभीच आहेत. आवाज इथे आला तर चाकांकडचे सगळे भाग निर्दोष सुटले. विना लोड फार वेळ रेस करत बसू नका, दोन-तीन सेकंद पुरे.

तिसरी: वेग घ्या आणि एक्सलेटर सोडा. आवाज लगेच बदलला तर तो जोराशी बांधलेला आहे, म्हणजे गिअरचे दात, क्रॉस, हाफ शाफ्टचे आतले जॉइंट. काहीच फरक पडला नाही आणि वेगाबरोबरच हळूहळू उतरला, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर.

टायर, हो. एटीव्हीच्या टायरला मोठाले गट्टू असतात आणि कडक जमिनीवर ते गुणगुणतात. समजा परिघावर २४ गट्टू आहेत आणि चाक सेकंदाला २.८ वेळा फिरतंय, तर ६७ हर्ट्झच्या आसपास एक जाड ‘घूंऽऽ’ निघणार. तो ऐकून लोक बेअरिंग बदलतात. कडक रस्त्यावरून वाळूत किंवा मऊ मातीत या. गुणगुण गेली तर टायर, राहिली तर बेअरिंग.

आता मोबाईल बाहेर काढा, पण हँडलला लावू नका

हे आधी सांगून टाकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सूचना दिली होती की मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते. ही यंत्रणा अनेक अँड्रॉइड फोनमध्येही आहे. त्यामुळे फोन जॅकेटच्या खिशात ठेवा आणि आवाज पकडायला वायरवाला कॉलर माइक वापरा. रील बनवणाऱ्यांकडे असतो तसा स्वस्तातला चालतो. त्यावर स्पंजची टोपी हवी, नाहीतर वाऱ्याशिवाय काही रेकॉर्ड होणार नाही. वायर फिरत्या भागांपासून लांब ठेवून झिप टायने बांधा.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर करू नका. ती माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली आहे, फाइल लहान करताना बोलण्यात नसलेलं बरंच काही ती टाकून देते. फोनचं नॉइज सप्रेशन तर आणखी हुशार. एकसारखा येणारा ‘घर्रर्र’ म्हणजे पंख्याचा आवाज असणार असं समजून तो पुसूनच टाकतं, आणि आपल्याला तोच हवा असतो! अँड्रॉइड ७ पासून ॲपला माइकचा ‘अनप्रोसेस्ड’, म्हणजे कच्चा आवाज मागायची सोय आहे. जे रेकॉर्डर ॲप कच्चा स्रोत निवडू देतं आणि वेव्ह फाइल बनवतं, ते घ्या.

विश्लेषणाला मी फायफॉक्स वापरतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं मोफत ॲप आहे, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो आणि फोनच्या ॲक्सिलरोमीटरचाही. घरी लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी उत्तम.

इथे दोन गोष्टी समजून घ्या, नाहीतर आलेखावर भलतंच दिसेल.

एक, स्पेक्ट्रमची बारकाई. ॲप सेकंदाला ४८,००० नमुने घेतं आणि एका वेळी ४,०९६ नमुन्यांचा हिशेब करतं असं धरा. ४८,००० भागिले ४,०९६ म्हणजे जवळपास ११.७. याचा अर्थ आलेखावरचा एक कप्पा ११.७ हर्ट्झ रुंद आहे. आपल्याला तर सेकंदाला ३ आणि १० ठोके वेगळे करायचे आहेत, दोन्ही एकाच कप्प्यात पडणार. नमुने ६५,५३६ केले तर कप्पा ०.७३ हर्ट्झचा होतो, पण त्यासाठी सुमारे १.४ सेकंद आवाज स्थिर हवा. शिवाय फोनचे छोटे माइक इतक्या खालच्या आवाजाला मुळात बहिरेच असतात. ‘टक’ आपल्याला ऐकू येतो तो १० हर्ट्झचा सूर म्हणून नाही. प्रत्येक ठोका लोखंडाला वाजवतो आणि ते काही शे किंवा हजार हर्ट्झवर झणझणतं. म्हणून हळू ठोक्यांसाठी स्पेक्ट्रम सोडा आणि सरळ लाटेचा आलेख उघडून टोकं मोजा. दहा सेकंदांतली टोकं भागिले दहा. पहिलीच्या मुलालाही जमेल असं सिग्नल प्रोसेसिंग.

दोन, ॲक्सिलरोमीटर. अँड्रॉइड १२ पासून खास परवानगी न घेतलेल्या ॲपला हा सेन्सर सेकंदाला २०० वेळाच वाचता येतो. २०० नमुन्यांत जास्तीत जास्त १०० हर्ट्झपर्यंतचं खरं दिसतं. १३० हर्ट्झचं कंपन आलं तर ते दुमडून ७० वर दिसू शकतं, आणि तुम्ही ७० हर्ट्झवर काय फिरतं ते शोधत रात्र काढाल. गिअरची शीळ पाहायची असेल तर माइकच बरा.

गणित: चाकापासून सुरू करा

हे सगळं एका खऱ्या गाडीवर कसं लागू झालं ते सांगतो. माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, दापोली तालुक्यात बागेत दोन खोल्यांचं कृषी पर्यटन चालवतो. एक सेकंडहँड एटीव्ही आहे. पाहुण्यांच्या मुलांना बागेतून चक्कर मारून आणायची, कधी खालच्या पुळणीवर न्यायची. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिच्या खालून ‘टक-टक’ सुरू झाली. तालुक्याच्या गॅरेजमध्ये निदान झालं, गिअरबॉक्स गेला. उतरवून खोलायला आणि पार्ट मागवायला तीन आठवडे आणि तीस-पस्तीस हजार. म्हणजे दिवाळीची सगळी बुकिंग्ज एटीव्हीशिवाय. आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत कुणालाही बसवू नकोस, एवढं मी फोनवर सांगितलं आणि शनिवारी गेलो.

हायमध्ये १५ आणि लोमध्ये १५, आधी हीच चाचणी केली. दादा चालवत होता, वेग जीपीएस ॲपवर पाहत होता, कारण गाडीचा मीटर बंद होता. दहा सेकंदांत हायमध्ये ७४ ठोके, लोमध्ये ७५. ताल तोच. मग हायमध्ये ताशी २० ला ९८. वेगाच्या प्रमाणात वाढतोय. म्हणजे इंजिन, बेल्ट, पुल्या आणि गिअरबॉक्सचे आतले बहुतेक गिअर यादीतून बाहेर.

आता चाक. टायरवर खडूची खूण केली, दादाला गाडीवर बसवलं आणि खूण पुन्हा जमिनीला लागेपर्यंत गाडी ढकलली. अंतर भरलं १.९५ मीटर. टायरवर २५ इंच लिहिलं होतं, त्या हिशेबाने दोन मीटर यायला हवं, पण वजनाखाली टायर दबतो. म्हणून मोजलेलं खरं माना. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. भागिले १.९५, चाक सेकंदाला २.८५ वेळा फिरतंय.

ठोके मात्र सेकंदाला ९.८ आहेत. चाकाचा, हबचा किंवा हाफ शाफ्टचा एखादा दोष फेरीला एकदा वाजला असता तर २.८५ आले असते, दोनदा वाजला असता तर ५.७. बेअरिंगचं गणित जरा वेगळं असतं. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर एका फेरीत साधारण गोळ्यांच्या संख्येच्या ०.४ पट ठोके, आतल्या रिंगवर असेल तर ०.६ पट. दहा गोळ्या धरल्या तर फेरीला ४ किंवा ६, म्हणजे इथे सेकंदाला ११ किंवा १७. नऊ-दहाच्या जवळ ११ आहे खरं, पण बेअरिंग इतकं सुटं आणि स्वच्छ ‘टक’ म्हणत नाही, ते घरघरतं. आणि एक्सलेटर सोडल्यावर हा ठोका जवळपास गायब होत होता. बेअरिंगला एक्सलेटरशी फारसं देणंघेणं नसतं.

मग मागची बाजू जॅकवर घेतली, खाली भक्कम घोड्या लावल्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवलं आणि दादाने प्रोपेलर शाफ्टवरची खूण मोजली. साडेतीन फेऱ्या. बहुतेक एटीव्हींत मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे हे मोजणं सोपं जातं. २.८५ गुणिले ३.५ बरोबर ९.९७.

आपले ठोके ९.८. जीपीएसचा वेग थोडा इकडेतिकडे होतोच, तेवढा फरक त्यात बसतो. आणि १५ च्या वेगाला हाच हिशेब ७.५ येतो, तिथे आम्हाला ७.४ आणि ७.५ मिळालेच होते. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक ठोका.

इथे घाई करायची नाही. शाफ्टच्या वेगाने फिरणारा शाफ्ट एकटा नसतो. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट, मागचा प्रोपेलर शाफ्ट, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या गिअरकेसचा पिनियन, चौघं एकाच वेगाने फिरतात. गणित त्यांच्यात फरक करू शकत नाही. पण तीसपैकी चार उरले, आणि त्यातल्या दोन शाफ्टना काहीही न खोलता हात लावता येतो. माइकची जागा बदलूनही अंदाज येतो. आम्ही तो सीटखाली, गिअरबॉक्सजवळ आणि मागच्या गिअरकेसजवळ बांधून तीन चकरा रेकॉर्ड केल्या होत्या. तिसऱ्यात टोकं सगळ्यात उंच आली.

शेवटचं काम हाताने. चाकं रोखून धरायची आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पुढे-मागे पिळायचा, मग वर-खाली हलवायचा. पुढचा शाफ्ट घट्ट. मागच्या शाफ्टच्या मागच्या क्रॉसमध्ये प्ले हाताला लागत होता आणि त्याच्या एका टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती. क्रॉसच्या टोप्यांत सुईसारखे बारीक बेअरिंग असतात. ग्रीस संपलं, खारं पाणी शिरलं की ते गंजतात आणि लोखंड लोखंडावर घासून ही भुकटी बाहेर येते. पुळणीवरच्या चकरा आणि नंतर गोड्या पाण्याने न धुतलेली गाडी, दुसरं काय होणार? भुकटी दिसली की क्रॉस बदलायचाच, ग्रीस मारून तो परत येत नाही.

नवा क्रॉस ट्रॅक्टरचे पार्ट विकणाऱ्याकडे मापाने जुळवून मिळाला आणि त्याच गॅरेजवाल्याने तो बसवला. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. गिअरबॉक्स अजूनही बंदच आहे.

पैसे वाचले हे बरं, पण मला दुसऱ्या कारणाने हायसं वाटलं. पार्क गिअर असतो गिअरबॉक्सच्या आत. मागचा क्रॉस तुटला आणि पुढची चाकं जोडलेली नसली, की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच संपतो. मग पार्कमध्ये लावून ठेवलेली गाडी उतारावरून सुटू शकते, आणि उतारावर इंजिनचा रोध मिळायचा तोही जातो. दादाच्या बागेतली वाट चांगली उतरती आहे. गिअरबॉक्सचा पार्ट येईपर्यंत “चालतेय तोवर चालवू” असं झालं असतं तर?

बाकीचे आवाज, पटापट

गाडी निघताना ‘चींऽऽ’ आणि जळक्या रबराचा वास: बेल्ट घसरतोय. ओढा पार केल्यानंतर आलं असेल तर केसिंगमध्ये पाणी गेलंय. तळाला ड्रेन प्लग असेल तर तो काढा आणि न्यूट्रलमध्ये हलकं रेस करून वाळवा. कोरड्या दिवशीही येत असेल तर बेल्ट काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा पुलीवर तेल आलंय.

निघतानाच ‘धप-धप-धप’, वेग घेतला की विरतं: बेल्टवर एके जागी खळगा पडलाय. गाडी चिखलात अडकलेली असताना एक्सलेटर दाबून ठेवला की बेल्ट थांबलेला आणि पुली फिरती, एकाच जागी रबर जळतं. भाड्याच्या एटीव्हींमध्ये हा दोष फार दिसतो, कारण उघड आहे.

गिअर टाकताना ‘कर्रर्र’: गिअरबॉक्सवर संशय घेण्याआधी आयडलिंग जास्त नाही ना ते बघा. इंजिन वेगात असलं की पुली बेल्ट पूर्ण सोडत नाही आणि तो फरफटत राहतो. गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरता असताना आपण त्यात गिअर घुसवत असतो.

वळताना ‘कट-कट-कट’: चाकाजवळचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटलेला दिसेल. बूट वेळीच बदलला तर स्वस्त, ग्रीसमध्ये वाळू गेल्यावर महाग.

वेगाबरोबर चढत जाणारी शीळ, एक्सलेटर सोडल्यावर सूर बदलणारी: गिअर. ऑइल काढून पाहा. दुधासारखं असेल तर पाणी गेलंय, चमकी दिसली तर धातू झिजतोय. इथे मात्र मेकॅनिक “खोला” म्हणाला तर खोला.

फोर व्हील लावल्यावर कडक जमिनीवर वळताना येणारी कुरकुर बऱ्याचदा दोष नसतोच. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात आणि कडक जमीन त्यांना घसरू देत नाही. मऊ मातीत पुन्हा ऐका आणि मगच काळजी करा.

आणि हे करू नका: सीव्हीटीचं झाकण काढून इंजिन चालू करणं, जॅकवर चढवलेल्या गाडीची चाकं इंजिनने फिरवणं, चालत्या गाडीच्या खाली फोन धरून वाकणं. बेल्ट तुटला तर चाबकासारखा बाहेर येतो. हाताने फिरवायच्या चाचण्या इंजिन बंद आणि चावी खिशात ठेवूनच करा.

रेकॉर्डिंग मेकॅनिकला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नाही, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. फाइलच्या नावात गिअर, वेग आणि माइकची जागा लिहा: ‘हाय-२०-मागची-गिअरकेस’. दादाच्या गॅरेजवाल्याने तसल्या तीन फाइल ऐकल्या, तिसरी पुन्हा एकदा लावली, आणि म्हणाला, “क्रॉस आहे हो हा. आधी का नाही ऐकवलंत?”